हात लावायचा नाही असं पॅकेज

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
राजारामपुरीतल्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी लागून पंधरवडा झाला. आज सर्व्हरचे अपडेट टाकले. एक कमांड दिली, एकोणचाळीस पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे तुकडे, नवी झाली, एक मागेच राहिलं. रक्त तपासायच्या मशीनकडून आकडे घेऊन रिपोर्ट छापतं ते. कुणीतरी मुद्दाम त्यावर 'होल्ड' लावलाय, म्हणजे नवी आवृत्ती यायचीच नाही.
लॅब ज्यांची त्या डॉक्टरसरांना विचारलं. मान वर न करता म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही."

मंगळवार, ४ फेब्रुवारी
आवृत्ती दोन वर्षं जुनी! नवीबरोबरची टिपणं वाचली. त्यात एक ओळ — वाढलेलं क्रिएटिनिन कमी दाखवण्याची चूक दुरुस्त केली.
क्रिएटिनिन म्हणजे किडनीचा आकडा, दीडच्या वर गेला की धोका. डबा तसाच परत आणला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
राजवर्धनला सांगितलं. मशीन तोच चालवतो, आणि इथं मोकळं बोलावं असा तोच एक. "बघूया की," म्हणाला. गगनबावड्याच्या धोंडुबाईंचं रक्त आलं होतं, ते लावलं. मशीनच्या पडद्यावर ३.१. कागदावर छापून आलं १.३.
राजवर्धननं दोन्ही आकडे परत ताडून बघितले. "आपण किती जणास्नी काय न्हाय म्हणून घरी धाडलं असंल गं?"
मी पासवर्ड सांगितला, राजवर्धननं टाइप केला. होल्ड काढला. नवी आवृत्ती टाकली. परत छापलं. ३.१.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
दोन्ही कागद सरांपुढं ठेवले. त्यांना नवल वाटलं नाही. मला त्याचीच भीती वाटली.
"मागच्या सगळ्यांना आता काय सांगणार आहेस? लॅबला टाळं लावायचंय? जुनी आवृत्ती परत टाक."
टाकणार नाही म्हटलं.
"विचार कर, अक्षता," म्हणाले. अगदी मायेनं.

शनिवार, ८ फेब्रुवारी
दिवसभर माझ्याशी कुणी बोललं नाही. फक्त राजवर्धननं चहा आणून ठेवला.

रविवार, ९ फेब्रुवारी
सुट्टी. सकाळच्या एसटीनं गगनबावड्याला गेले. धोंडुबाई घराच्या पुढच्या सोप्यात बसलेल्या, पाय सुजून खांबासारखे. खरा रिपोर्ट हातात दिला, समजावलं.
"वर्षात दोनदा तुमच्यातच रक्त दिलं की बाई. काय न्हाय म्हणालासा."
सून उठून आत गेली. निघताना तिला उद्याच मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं.
दुपारी तीनच्या सुमारास राजवर्धनचा फोन. "कुठं हाईस?" सांगितलं. "बरं केलंस," म्हणाला.

सोमवार, १० फेब्रुवारी
जुनी आवृत्ती परत बसलीय. होल्डही लागलाय. नोंदीत वेळ कालची, दुपारी सव्वातीन. लॅबमधल्याच कॉम्प्युटरवरून. नाव माझं.
माझा पासवर्ड माझ्याशिवाय एकट्या राजवर्धनला ठाऊक आहे.