थरथर कुणाची

प्रिय मुंगे,

पत्र आलं की आधी शेवटचं पान वाचायची तुझी जुनी खोड आहे. या वेळी ती आवर. मला तुला एक गोष्ट पटवून द्यायची आहे आणि माझ्या नुसत्या शब्दावर तुझा विश्वास नाही. निघताना तू स्पष्टच म्हणालीस की मी बोलायला उभी राहिले की दगडालाही घाम फुटतो, पण म्हणून मी म्हणते ते खरं ठरत नाही. बरं. आज भाषण करत नाही, पुरावा देते. तो क्रमाने वाच.

तुझ्या लेकाने पाठवलेला विक्रीचा करार माझ्यासमोर टेबलावर आहे. खाली तुझी सही आहे. अक्षर ठसठशीत, एकही रेघ हललेली नाही, हे आधीच नोंदवून ठेवते. शेजारी माझ्या सहीची जागा रिकामी आहे. विमान आपण दोघींनी मिळून घेतलं, त्यामुळे दोघींच्या सहीशिवाय ते विकता येत नाही आणि म्हणून आपली म्हातारी अजून हँगरमध्ये तिच्या जागेवर उभी आहे. तुझा लेक वाईट नाही गं. फोनवर म्हणाला, मावशी, आईला पुन्हा त्या धडधडणाऱ्या विमानात बसवू नका. त्याच्या आवाजात काळजी होती, म्हणून मी भांडले नाही. मी त्याला शब्द दिला की महिनाअखेरीला सरकारी तपासनीस येईल तोवर विमानाची थरथर गेली नाही, तर मी सही करीन. थरथर गेली तर विमान उडेल आणि करार मी फाडीन. मी दिलेला शब्द मोडत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणूनच गेले काही आठवडे माझी झोप उडाली होती.

विकत घेणारा हॉटेलवाला मध्यंतरी बघून गेला. म्हातारीला तो हॉटेलच्या दालनात छताला टांगणार आहे, नाक खाली करून, सूर मारल्यासारखी. वजन कमी करायला इंजिन काढून टाकायचं आणि पंख्याच्या पात्यांवर दिवे लावायचे, असा त्याचा बेत. बोलायला फार गोड माणूस. मला म्हणाला, बाई, तुम्ही केव्हाही या, कॉफी आमच्याकडून. मी त्याला विचारलं की तुमच्या आईलाही असंच टांगणार का? तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

आता तुझ्याकडे येते. ते शेवटचं उड्डाण. तू सुनेच्या बाळंतपणाहून परत आलीस. मागे बसून विमान तू चालवत होतीस, पुढे मी. मैदानाला वळसा घालून दुसऱ्यांदा वळलो आणि तू एकाएकी खाली उतरवलंस, धावपट्टीच्या अलीकडे, गवतात. उतरलीस ती उजवा हात कोटाच्या खिशात घालूनच. चहाचा कप दोन्ही हातांनी धरलास. मी विचारलं तर म्हणालीस, "स्टिक धरली की हात थरथरतो. कोपरापर्यंत. माझं संपलं गं." मी म्हणाले की थरथर मलाही जाणवली, पायाखाली, पाठीत, दातांत. तू माझ्याकडे असं पाहिलंस जणू मी तुला लेमनची गोळी देऊन गप्प करते आहे. मग तू लेकाकडे गेलीस आणि तिथे सगळ्यांनी मान डोलावली. वय झालं आता. मुंगे, मला या दोन शब्दांचा संताप आहे. वय झालं हे निदान नसतं, निदान करायचा कंटाळा असतो. म्हाताऱ्या माणसाचं दुखलं की वय, विसरलं की वय, विमान हललं की तेही वय. कुणी वाकून आत बघायला तयार नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तूही बघितलं नाहीस. आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिनं उघडून बघणारी तू, स्वतःच्या हातावर मात्र ऐकीव आरोप मान्य करून मोकळी झालीस. त्याच संध्याकाळी तू सीटचं उसवलेलं आवरण शिवलंस, ते विसरलीस? दिव्याखाली, चष्म्याशिवाय, पहिल्याच फटक्यात सुई ओवलीस. थरथरता हात सुई ओवतो?

भाषण नको म्हणाले होते. पुरावा.

तू गेल्यावर मी एकदा विमान वर नेलं. एका ठरावीक वेगाला माझी कवळी अशी वाजायला लागली की मला वाटलं मागे कुणी टंकलेखन करतंय. वेग वाढवला की कमी, उतरवला की कमी, मधल्या वेगाला मात्र समोरच्या तबकड्यांवर काट्यांच्या जागी नुसता धूर दिसत होता. खाली येऊन मी आपल्या नव्या मेकॅनिकला पकडलं. तू त्याला नीट ओळखत नाहीस, तू बाळंतपणाला गेलीस तेव्हाच तो लागला. मी त्याला टापटीप म्हणते. पान्हे उंचीप्रमाणे लावतो, चिंध्या घडी करून ठेवतो, स्वतःच्या डब्याचं झाकणसुद्धा पुसतो. तो म्हणाला, जुनं इंजिन आहे बाई, थोडं हलणारच. झालं. मी त्याला हँगरमध्ये उभं करून अर्धा तास ऐकवलं. माणसाला आणि यंत्राला जुनं म्हणून सोडून देणाऱ्या समाजाचं काय होतं, इथपासून सुरुवात केली. त्याने सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाला, "बाई, भाषण इंजिनाला ऐकू येत नाही. चला, पंखा तपासू."

तेव्हापासून मला तो आवडायला लागला.

आधी आम्ही इंजिनाचे स्पार्क प्लग पाहिले. ठीक. इंजिन ज्या रबरांवर टेकतं ती रबरं दाबून पाहिली. ठीक. मग पंखा उतरवून तो दोन धारदार पट्ट्यांवर तोलला. लाकडी पंखा, एक पातं जड असतं तर ते खाली गेलं असतं. कसाही ठेवला तरी तो साधूसारखा निश्चल. पुन्हा चढवला आणि पात्याच्या टोकापाशी एक खुंटी रोवली. मग इंजिन बंद ठेवून पंखा हाताने फिरवला. पहिल्या पात्याचं टोक खुंटीला जेमतेम घासून गेलं, दुसरं तिच्यापासून चांगलं बोटभर लांबून. दोन्ही पाती एकाच वाटेने जात नव्हती. टापटीप म्हणाला, लाकूड वाकलं, नवा पंखा लागेल. या जातीचा पंखा आता कुणी बनवत नाही. मला वाटलं, खेळ संपला. खरं सांगते, त्या दुपारी मी टोपण काढून पेन करारावर धरलं होतं.

पण मग तू आठवलीस. तू म्हणायचीस की चोर शोधायचा तर सगळ्यांना जागा बदलायला सांगावं. मी टापटीपला म्हटलं, पंखा खोल आणि उलटा करून बसव, वरचं पातं खाली. तुंब्याला हात लावू नकोस. (तुझी सून हे वाचत असेल तर तिला सांग, तुंबा म्हणजे पंख्याच्या पोटात बसणारा पोलादी गड्डा, त्यातूनच पंखा इंजिनाच्या शाफ्टवर चढतो.) लाकूड वाकलं असेल तर दोष पात्याबरोबर फिरेल. एका पात्यावर खडूने फुली मारली, पंखा फिरवून बसवला आणि पुन्हा खुंटी लावली. मुंगे, फुलीचं पातं आधी लांबून जात होतं, ते आता घासून गेलं. दोष पात्याबरोबर गेलाच नाही, जिथे होता तिथेच राहिला. लाकूड निर्दोष! जे काही वाकडं होतं ते त्याच्या मागे होतं, तुंब्यात किंवा शाफ्टवर. मी तिथे हँगरमध्ये टाळ्या वाजवल्या. माझ्या सभांना कधी इतक्या मनापासून टाळ्या पडल्या नसतील.

मग तुंबा काढला. तो शाफ्टवर मधोमध बसावा म्हणून पुढून एक निमुळती पोलादी कडी घालतात, ती तुझी लाडकी. एकच कडी तयार करून मग ती मधोमध कापलेली, दोन अर्धे. टापटीपने कडीला निळा रंग फासला, सगळं पुन्हा आवळलं आणि उघडलं. कडी नीट बसली असती तर रंग तुंब्याला सगळीकडे लागला असता. तो लागला होता एका अर्ध्याचाच. दुसरा अर्धा टेकतच नव्हता. नट कितीही आवळा, तुंबा एका अंगाला तिरका. मी म्हटलं, दोन्ही अर्ध्यांवरचे नंबर वाच. कडेला बारीक कोरलेले असतात ते. त्याने एक वाचला. दुसरा वेगळाच निघाला. खाली बसला, तसाच, पुसलेल्या पँटीने तेलात. म्हणाला, "बाई, हे मी आवरलं होतं."

तू नव्हतीस तेव्हा त्याने सामानाची खोली लावली. वार्षिक तपासणीसाठी म्हातारीची कडी तू जाण्याआधी उतरवून तिथे ठेवली होतीस आणि सुट्या इंजिनाची कडीही तिथेच होती. दिसायला दोन्ही हुबेहूब. तू प्रत्येक जोडी तांब्याच्या तारेने बांधून ठेवायचीस. त्याला त्या काळवंडलेल्या तारा पसारा वाटल्या. त्याने त्या सोडल्या, चारही अर्धे घासूनपुसून लखलखीत केले आणि एका डब्यात एकाशेजारी एक मांडले. सारख्यासारखं एकत्र. मग वार्षिक तपासणीत त्यातले दोन उचलून बसवले. दिसायला सारखे, पण कापले गेले वेगवेगळ्या कड्यांतून, आणि परक्या अर्ध्याशी ते कधीच जुळत नाहीत. एखादा गबाळा माणूस ही चूक करूच शकला नसता गं. त्याने तारा तशाच ठेवल्या असत्या. त्याला झोडपायला माझ्याकडे शब्द तयार होते, चांगले धारदार. पण तो इतका पांढरा पडला होता की मी त्याच्यासमोर डबा ठेवला आणि म्हटलं, जोड्या लाव. त्याने लावल्या. दुसऱ्या दिवशी तारही घेऊन आला, नवीकोरी.

बरोबर जोडी बसवली, लांब दांडा लावून दोघांनी लोंबकळून नट आवळला. खुंटीजवळून दोन्ही पाती एकाच वाटेने गेली. मग चाकांना ओंडके लावून इंजिन सुरू केलं. मी सीटवर बसले आणि त्या दुष्ट वेगापर्यंत नेलं. काटे जागच्या जागी. होकायंत्रातलं पाणी तळ्यासारखं. कवळी गप्प. मी स्टिक हातात धरली, उजव्या, जशी तू धरतेस, आणि बराच वेळ धरून बसले. बाहेर टापटीप हातवारे करून विचारत होता, काय झालं, काय झालं. काहीच झालं नव्हतं. म्हणूनच तर मी रडत होते.

तेव्हा मुंगे, ती थरथर तुझी नव्हती. ती एका चुकीच्या अर्ध्याची होती आणि आपण सगळ्यांनी ती तुझ्या हातावर लादली. टापटीपला तुला स्वतः सांगायचं आहे. मी म्हटलं, ती येईल तेव्हा सांग.

आता शेवटचं. तपासनीसासमोर विमान उडवून दाखवावं लागतं, नाहीतर विमानाचा परवाना जातो आणि मग हॉटेलवालाच उरतो. तू म्हणशील, मग उडव की, तुझ्या तोंडापुढे तपासनीस किती टिकणार? मी उडवू शकत नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरने माझे डोळे तपासले. त्याने वय झालं म्हणून हाकलून दिलं नाही. दिवे लावून, थेंब घालून नीट बघितलं, चित्र काढून समजावलं. डाव्या डोळ्याच्या मधोमध आता एक राखाडी ठिपका आहे, तो जाणार नाही, आणि उजव्याची खात्री नाही. माझा परवाना त्याने माझ्यासमोरच रद्द केला. मी वाद घातला नाही. निदान खरं होतं. ते नंबर मी टापटीपकडून वाचून घेतले ते यासाठीच. माझ्याशिवाय ही म्हातारी उडवता येणारी जगात एकच बाई आहे आणि ती तिच्या लेकाच्या घरी नातवाच्या बाटल्या उकळत बसली आहे. मला तुझी कीव नको, मुंगे. मला वैमानिक हवी. तुझा परवाना अजून चालू आहे, मी विचारून घेतलं. तपासनीस येण्याआधी हाताला सराव व्हायला चार दिवस तरी हवेत, म्हणून हे पत्र मिळताच निघ. लेकाला हे सगळं वाचून दाखव, त्याला पटेल. नाही पटलं तर त्यालाही घेऊन ये, निळा रंग दाखवते. त्या दिवशी चालवायचं तू. मी पुढच्या सीटवर बसेन, तपासनीसाने परवानगी दिली तर. मला खालची नदी दिसेल, काट्यांखालचे आकडे दिसणार नाहीत. ते तू बघ. मी पूर्ण वेळ तोंड बंद ठेवीन, एवढं मात्र वचन देत नाही.

वाट बघणारी, तुझीच,
तोफ