‘चहा घेणार?’ या प्रश्नाचा सूर

बाई, किती दिवस लिहीन लिहीन म्हणतोय. दर वेळी बसलो की काहीतरी निघतंच. परवा खास तुम्हाला लिहायचं म्हणून खडवलीला नदीवर गेलेलो, तर तिथे एक माणूस म्हशी धूत होता. त्याच्याशी गप्पा मारण्यात दुपार गेली. म्हशींची नावं पाठ झाली, पत्र राहिलं. आता लिहितोय तेही फोनवर, तुमच्याच जुन्या नंबरच्या चॅटमध्ये, मानपाड्याच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये बसून. बसून कसला, येरझाऱ्या घालत. चहाची सुट्टी झालीय आणि माझे पाय काही एका जागी ठरत नाहीयेत.

तुम्ही गेलात तेव्हा माझा आवाज नुकताच फुटलेला. नंतर बरंच काही धरलं आणि सोडलं. कॉलेज, कुरिअर, लग्नाच्या बँडमध्ये गाणं. आता ठाण्यात संगीत नाटकाच्या गायक-नटांना पुढचं शिकवतात, त्या वर्गात घुसलोय. अर्धा वेळ स्टेजवर पदं गायची, अर्धा वेळ कार्यशाळा घ्यायला शिकायचं, म्हणजे ज्यांनी जन्मात तोंड उघडलं नाही त्यांना गायला लावायचं. आमचे सर म्हणतात, “गाणारे ढीगभर आहेत रे. गायला लावणारा दाखव.” आज माझी पाळी. सर मागच्या खुर्चीत बसलेत. जमलं तर त्यांच्या मंडळींबरोबर नाटकाच्या दौऱ्यावर जाणार, नाहीतर आपला रस्ता. हेही सुटलं ना बाई, तर माझ्याकडे सोडायलाही काही उरणार नाही.

पहिला भाग पार झोपला. ऑर्गन वाजवला, सा दिला, म्हटलं, “म्हणा.” सगळे असे बघतायत, जसं मी त्यांना विहिरीत उडी मारायला सांगितलीय. एक काकू म्हणाल्या, “तुम्हीच गा हो, आम्ही ऐकायला आलोय.” त्यांच्या शेजारच्या म्हणाल्या, “माझं गाणं ऐकून आमचा पोपट उडून गेलेला.” सगळे हसले. हसताना काय मोकळे आवाज लागले बाई! पण गायला एकही नाही. सर छताचा पंखा बघत बसलेले.

मग कोपरच्या घरातलं तुमचं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही ओट्याशी, पाठ माझ्याकडे. पेटी बाहेरच्या खोलीत, झाकलेली. तुम्ही विचारता, “चहा घेणार?” आणि त्या शेवटच्या अक्षरावर तुमचा आवाज जिथे टेकेल, तोच सूर उचलून मी पद सुरू करायचं. बोलता बोलता, मध्ये फट न ठेवता. एकदा मी खाकरलो तर तुम्ही सांडशी आपटलीत. “खाकरलास की मेलास! नाटकात खाकरून कोणी प्रेमात पडतं का रे? सूर शोधायला थांबलास की राजपुत्र गेला, उरला क्लासचा मुलगा.” बाहेरून काका ओरडायचे, “अगं, त्याला चहा दे, छळू नकोस!” त्यांना म्हणे गाण्याचा कानच नव्हता. ते बातम्यांचा आवाज वाढवायचे, की तुम्ही मुद्दाम वरच्या सुरात विचारायचात, “चहा घेणार?” आणि मला धापा टाकत तिथवर चढावं लागायचं.

म्हणून ठरवलंय, सुट्टी संपली की ऑर्गन झाकायचा. साधं काहीतरी विचारायचं, आणि उत्तर जिथे टेकेल तिथून गाणं उचलायचं. त्यांच्याच आवाजातून निघालेलं गाणं बघून कदाचित तेही धीर करतील. कदाचित हां.

एक घोळ सांगायचा राहिला. या कार्यशाळेचा मेसेज मी फोनमधल्या सगळ्यांना एकदम पाठवला, त्यात तुम्हालाही गेला. तुमचा नंबर पुसायचं माझ्याच्याने कधी झालंच नाही. काल त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हटलं, कंपनीने नंबर दुसऱ्या कुणाला दिला असेल. तरी तेव्हापासून डोक्यात भुंगा.

थांबा. दारात काका उभे आहेत. तुमचे. डोकं पार पांढरं झालंय, हातात तुमचाच फोन, कव्हरसुद्धा तेच. मेसेज वॉचमनला दाखवतायत. मला बघून म्हणाले, “गॅसचं बुकिंग आहे या नंबरवर, म्हणून चालू ठेवलाय. त्यावर गाण्याबजावण्याचे मेसेज कशाला टाकतोस रे?” मी काही बोलायच्या आत चपला काढल्या, फोन खिशात घातला आणि पहिल्याच खुर्चीत बसले. मघाच्या काकूंनी त्यांच्यासाठी खुर्चीतली पिशवी उचलून घेतली. सरांनी पंखा बघणं सोडलं.

पहिला प्रश्न त्यांनाच विचारणार आहे. “काका, चहा घेणार?” ते काय म्हणतील, कुठल्या सुरात म्हणतील, देव जाणे. घसा तर आत्ताच खाकरावासा वाटतोय.

एक सांगू? मला चहा आवडत नाही, बाई. तेव्हाही नव्हता आवडत. तुम्ही विचारायचात म्हणून घ्यायचो.

हे पाठवत नाही. पाठवलं तर त्यांच्या खिशात वाजेल.