पहिलवानाची साखळी

दि. १४, मंगळवार, दुपारी तीन वाजता

चि. ताईस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही. एकोणीस दिवस झाले. रागावू नकोस. हात दुखत होता हे खरं, पण डाव्या हाताने चार ओळी खरडता आल्या असत्या. का खरडल्या नाहीत ते पुढे येईलच. तुझी आई म्हणायची, "तुम्हाला पाणी मागायचं असलं तरी आधी विहिरीची चौकशी करता."

इकडे ठीक आहे. न्हाणीघरातला नळ गळतो. खाली बादली ठेवलीय, पण ती भरून वाहिली आणि मी घसरलो तर, म्हणून तासातासाला बघून येतो. बाळाला दात येताहेत म्हणतेस. त्याला जमिनीवर सोडताना बटणं, टाचण्या उचलून ठेवत जा.

माझे टाके निघाले. अंगठ्याच्या बेचक्यात पाच होते. ब्रश धरता येतो, फक्त गोल वळणाला ओढ बसते. परवा न्हाव्याच्या दुकानाची पाटी केली, त्यातला 'ढ' जरा थरथरलाय. न्हावी म्हणाला, "राहू दे, गिऱ्हाईक घाबरून गप्प बसेल."

जावईबापूंचं पत्र पोचलं. गोदामांच्या राखणीला कुत्रे नेणारा माणूस रविवारी सकाळी येऊन पहिलवानाला घेऊन जाणार. कुत्र्याचे कागद जावईबापूंच्या नावावर, त्यामुळे तो माणूस माझं ऐकायचा नाही. जावईबापूंचं काही चुकलं नाही. घरी तान्हं मूल, आणि सासऱ्याला पाच टाके पाडणारा रॉटवायलर! दुसरा कोणी असता तरी हेच केलं असतं. त्या जातीबद्दल छापून आलेलं कात्रणही त्यांनी पाठवलंय. मी दोनदा वाचलं.

माझी शाळा चौथीत सुटली. पण 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी मी दोन-तीनशे वेळा रंगवली असेल, आणि बहुतेक वेळा स्वतः जाऊन फाटकावर ठोकली. शिडीवर चढलेल्या माणसाच्या पोटऱ्या कुत्र्याच्या बरोबर तोंडाशी येतात, त्यामुळे माझा अभ्यास पुस्तकी नाही. एका बंगल्यात वीतभर लाल अक्षरं हवी होती, कुत्रा वासराएवढा. पाटी ठोकून होईपर्यंत तो माझी चप्पल उशाला घेऊन झोपला. आणि लहानपणी तू माझ्या पोटरीवरच्या ज्या खुणेवरून बोट फिरवायचीस, ती शिंपिणीच्या मांडीवरच्या कुत्र्याची. तिच्या दाराला पाटी नव्हती. पण उलटंही पाहिलंय. गिरणीचा मोठा कुत्रा रखवालदाराला एकदाच चावला, तर त्याचं मनगट पुन्हा सरळ झालं नाही. म्हणून जातीत काहीच नसतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

तरी पहिलवानाला तू माझ्याकडे ठेवलंस तेव्हा मीच म्हणालो होतो, "जातच वाईट याची, आज ना उद्या दात दाखवणार." आठ महिने मी त्याच्याकडे पाठ केली नाही. त्याने आठ महिन्यांत काय केलं? बाईसाहेबांचं जेवण झाल्याशिवाय स्वतःच्या ताटलीला तोंड लावलं नाही.

ताई, आता लिहितो. पहिलवान मला चावला नाही.

बाईसाहेब चावल्या.

तुझ्या आईचा जुना स्वेटर धुवावा म्हणून मी तो त्यांच्या अंगाखालून ओढला. त्यांनी कडकडून चावा घेतला आणि सोडेनात. मी ओरडलो. पहिलवान धावत आला, एकदाच मोठ्याने भुंकला, तेव्हा सुटका झाली. मग तो माझा हात चाटत बसला. तेवढ्यात शेजारचे मास्तर आत आले. पहिलवानाच्या तोंडाला रक्त, आणि बाईसाहेब स्वेटरवर डोळे मिटून, जणू या घरात राहतच नाहीत.

"चावला ना शेवटी? मी सांगत नव्हतो?" मास्तर म्हणाले.

मी हाताला फडकं गुंडाळू लागलो. दवाखान्यात कंपाउंडरने विचारलं, "कुठला कुत्रा?" मास्तर म्हणाले, "रॉटवायलर." बस. पुढे कोणी एक प्रश्न विचारला नाही. पोमेरियन म्हटलं असतं तर निदान हसले तरी असते.

तुलाही मी फोनवर तेच सांगितलं. खरं सांगावं म्हणून नंतर तीनदा फोन लावला. तू म्हणायचीस, "बरं आहे ना बाबा?" मी म्हणायचो, "बरं आहे." आणि ठेवायचो.

का, ते तुला कळेल. ती तुझ्या आईची कुत्री. तेरा वर्षांची झालीय, एका डोळ्यात फूल पडलंय. तिला कोणी नेलं तर आईचं म्हणून घरात हलणारं-बोलणारं काय उरणार? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या हाताने दिली. मास्तरांनी साखळी आणली आणि पहिलवान मागच्या अंगणात गेला. त्याने ती एकदाही ओढली नाही. जेवण ठेवायला गेलो की माझी पट्टी हुंगायचा.

काल गोदामवाल्याला लशीचा दाखला हवा म्हणून त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "काका, हात बघू." त्याचा जबडा उघडून माझा हात शेजारी धरला. "याचे सुळे बघा आणि या खुणा बघा. याने धरला असता तर तुम्हाला ब्रश विसरावा लागला असता. घरात आणखी कोण आहे?"

"बाईसाहेब."

"भांडण झालं होतं का?"

"कुत्री आहे हो!"

मग बाईसाहेबांची स्वारी नेली. मागच्या दोन दाढा किडून हिरडी सुजलेली. "दाढ दुखली की माणूससुद्धा घरच्यांवर खेकसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि दोन्ही काढल्या. मी कात्रण दाखवलं. त्यांनी ते टाकून दिलं नाही, वाचलं. म्हणाल्या, "काही जाती राखणीसाठीच वाढवल्यात, जबडा मोठा, त्यामुळे त्यांची एक चूक महागात पडते. हे खरंच आहे. म्हणून त्यांना जास्त शिकवायचं, जास्त लक्ष ठेवायचं. पण कोण चावणार हे नुसत्या जातीवरून कळत नाही. दुखतंय कुणाला, भेदरलंय कोण, बांधून कुणाला ठेवलंय, ते आधी बघा." बाळाजवळ दोघांपैकी एकालाही एकटं सोडू नका, असंही बजावलं.

बांधून कुणाला ठेवलंय म्हणाल्या तेव्हा मी छताकडे बघत होतो.

घरी येऊन साखळी काढली. मला वाटलं उड्या मारेल. तो सरळ आत गेला, आपल्या नेहमीच्या जागी बसला आणि मोठा उसासा सोडला, कामावरून आल्यासारखा. मास्तरांनाही खरं सांगितलं. ते म्हणाले, "मी म्हणतच होतो, बारकी कुत्रीच लबाड असतात!"

आता दोघं माझ्या पायाशी एकाच स्वेटरवर आहेत. दाढा गेल्यापासून बाईसाहेबांचा स्वभाव लोण्यासारखा झालाय. काल मी पहिलवानाकडे पाठ करून चहा केला आणि गॅस एकदाच बघितला. कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

एक पाटीही केलीय, फाटकावर गुडघ्याच्या उंचीवर: 'कुत्री लहान आहे. विचारून हात लावा.' अक्षर जरा वाकडं आहे.

हे पत्र उद्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय, संध्याकाळी तुला मिळेल. जावईबापूंना वाचून दाखव, लपवू नकोस. तुम्ही दोघं माझ्यावर हवं तेवढं रागवा, तो राग माझाच आहे. फक्त त्या माणसाला रविवारी येऊ नको म्हणून सांगा, आणि सांगितलंत की मला कळवा. फोनवर एक शब्द पुरे. या वेळी मी "बरं आहे" म्हणून ठेवणार नाही. साखळी खिळ्याला टांगलीय, मास्तरांना परत करायची आहे. तुझा निरोप आल्याशिवाय धीर होत नाही. लवकर पाठव.

तुझ्याशी एकदाच खोटं बोललेला,
बाबा