शालू, पंगत मोडली

प्रिय शालू,

आज दुपारी प्रयोगशाळेतली तुझी काचेची बशी मी धुऊन टाकली. आईला सांगायची हिंमत नाही, बाबा ऐकून उठून पाळीवर निघून जातील. मग सांगायला उरलीस तूच.

तुझ्या सिकलसेलच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा शेवटचा थेंब होता तिच्यात. त्याचा चांगला मोठा स्फटिक वाढला असता, तर क्ष-किरणांनी कळलं असतं की प्राणवायू सुटल्यावर तुझे रेणू एकमेकांना नेमके कुठे धरतात आणि रक्तपेशीला विळ्यासारखं वाकवतात. पकड कळली तर ती सोडवायचं औषध शोधता येतं. एवढ्यासाठीच तू हात पुढे केला होतास.

आई केवढी चिडली होती! "पोरीच्या अंगात रक्त नाही, अन् तू आणखी काढून राहिली?" तू हसून म्हणालीस, "घेऊ दे वं आई. तसंही मले कुठं पुरते ते?"

स्फटिक कसा वाढतो ते तुला पंगतीवरून सांगितलं होतं, आठवतं? द्रावणात रेणू नुसते भटकत असतात. मीठ पाणी ओढून घेतं, तशी गर्दी वाढते. दोन-चार जण शेजारी बसतात, आणखी कोणी येत नाही म्हणून उठून जातात. पुरेसे जण एकदम बसले तरच पंगत टिकते. मग येणारा प्रत्येक जण ठरल्या जागी, ठरल्या दिशेला तोंड करून बसतो. घाई केली की नुसती झुंबड, आणि तळाशी चिखल.

तेव्हापासून तुझा एकच प्रश्न. धंतोलीच्या दवाखान्यात, श्वास पुरत नव्हता तेव्हाही. "ताई, बसली का वं पंगत?" मी म्हणायचे, "बसेल." का गं विचारत राहिलीस?

बसली होती, शालू. तू गेल्यावर. सूक्ष्मदर्शकाखाली लाल, सरळ कडांचा एक कण दिसला आणि मी तिथेच रडले.

मग मे महिना आला. बाबा कोराडीच्या केंद्रात वीज बनवतात आणि वीज गेली आमच्याच प्रयोगशाळेची. फ्रिज बंद पडला, हवा लागू नये म्हणून बशीच्या कडेला लावलेलं मेण पघळलं, हवा आत शिरली. प्राणवायू लागताच रेणूंनी आकार बदलला आणि स्फटिक तडकला. ज्या प्राणवायूसाठी तू तडफडलीस, तो तुला मिळाला तो असा.

उद्या तुझ्याच आजाराची एक मुलगी रक्त द्यायला येणार आहे. बशी तीच. पंगतीचं सांगितलं की तीही विचारेल, बसेल का म्हणून. वचन देते, तिला "बसेल" म्हणणार नाही. सुई काढल्यावर कापसाचा बोळा मात्र मीच दाबून धरीन, तुझ्या हातावर धरायचे तसा.

तुझी,
ताई