अर्ध्या अक्षरांची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न, व्यवसाय पितळी पाट्यांवर नावे कोरणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व पूर्ण संतापात लिहीत आहे. या दोन अवस्था एकत्र नांदू शकतात, असे माझ्या डॉक्टरांनी लेखी दिले आहे.

१. राहते घर, मागील कार्यशाळा व बँकेतील शिल्लक माझ्या थोरल्या बहिणीस, म्हणजे ताईस, मिळावी. अट एकच: तिचे यजमान, अर्थात आमचे भावोजी, यांच्या दुकानातील पडदा या घराच्या एकाही खिडकीस लागता कामा नये.

२. अटीचे कारण. बालपणी वडिलांच्या धाकापायी ताईने व मी एक भाषा निर्माण केली आणि तिला लिपी दिली. प्रत्येक अक्षराची उभी रेघ मी ओढावी, वळण ताईने द्यावे, असा दंडक होता; हेतू हा की, एकाने दुसऱ्याच्या नकळत काही लिहू नये. भावोजींनी आमचे जुने कागद हस्तगत करून ती लिपी पडद्यांवर छापली आणि वर ‘स्वकल्पित नक्षी’ अशी चिठ्ठी डकवली. परिणामी शहरातील अनेक प्रतिष्ठित दिवाणखान्यांत आज ‘बाबा घोरले की म्हैस लाजते’ हे वाक्य झुळझुळत आहे.

मी जाब विचारला. ताई म्हणाली, “अरे, नक्षीच तर आहे. कोण वाचतंय?”

“मी वाचतोय ना, ताई!”

“मग तू नको वाचूस.”

तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे, दोन्ही भाषांत.

३. कोरण्याची हत्यारे शेजारच्या कुलूपवाल्यास द्यावीत. तो वस्तू मागून नेतो आणि परत आणून देतो. आमच्या कुटुंबात हा गुण दुर्मीळ आहे.

४. भावोजींस माझा संपूर्ण राग, वंशपरंपरेने उपभोगण्याच्या हक्कासह.

५. कार्यशाळेच्या दारासाठी केलेली पाटी बाकावर आहे. तीवर मी केवळ उभ्या रेघा कोरल्या आहेत. त्यांना कोणतेही वळण लागू पडते. सबब वाक्य ताईने ठरवावे. मला शिवी निघाली तरी पाटी लावावी. भावोजींनी छिन्नीस स्पर्श केल्यास मात्र पाटी तत्काळ वितळवावी.

स्थळ: कार्यशाळा, खिडकीजवळचे बाक
दिनांक: चौदा मार्च

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही, नेहमीप्रमाणे अवाचनीय)
२. कुलूपवाला (सही करताना म्हणाला, “दादा, तुमची खालची सही अर्धीच राहिली की.” त्यास सांगितले, “राहू दे. उरलेली माझ्या हातची नाही.”)

कायद्यापुरती सही: केली.
आमच्या लिपीतील सही: ।  ।  ।  ।