एकच कार्ड घेतलं होतं

प्रिय माय,

जपानमधल्या कानाझावाहून तुझ्या कामिनीचा नमस्कार. मी मजेत आहे, पोटभर जेवते.

आज इथल्या जुन्या बाजारपेठेत हे एकच कार्ड घेतलं, तर दुकानातल्या म्हाताऱ्या बाई रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या आणि वाकून उभ्याच राहिल्या. पैसे कमी दिले की काय? मी परत गेले. त्या पुन्हा वाकल्या, मग मीही वाकले. त्या आत जाईनात, माझा पाय निघेना. शेवटी तोंडून आपलीच बोली निघाली, "माय, थंडी शे. घरमा जाय." त्या हसल्या, पण हलल्या नाहीत. आधी कोणी वळायचं असतं गं?

तुझा गुडघा कसा आहे? वहिनी सांगत होती, संध्याकाळी, मी गेले त्या भुसावळच्या गाडीचा भोंगा झाला की तू अजून ओट्यावर येऊन उभी राहतेस.

माय, थंडी शे. घरमा जाय.

तुझीच,
कामिनी