मुदत संपलेला शिक्का

बाबा, बाळापूरच्या बाजारातला तो दिवस मी विसरले नाही. तुम्ही वजनमापे तपासणारे निरीक्षक, आणि दुकान माझ्या सख्ख्या मामाचं. त्याच्या वजनांवरच्या शिक्क्याची मुदत संपलेली, आणि तुम्ही एकेक वजन जप्तीच्या पिशवीत टाकताय. "भाऊजी, वजन तं बरोबर हाये ना," मामा म्हणतो. तुम्ही मान वर न करता म्हणता, "मले मालूम हाये. गिऱ्हाइकाले कसं मालूम? त्याले शिक्काच पाहा लागते." घरी आईनं वरण वाढताना तुमच्या ताटावर पळी आपटली. मीही मामाच्याच बाजूची होते.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे इंटरनेट नव्हतं. आता मी अकोल्यात बसून मराठी टायपिंगचं एक मोफत सॉफ्टवेअर सांभाळते. आम्ही पाच-सहा जण मिळून ते लिहितो. कोणीही उघडून पाहावं, दुरुस्त करावं. त्याच्या वेबसाइटलाही शिक्का लागतो, सुरक्षा प्रमाणपत्र. साइट आमचीच आहे, मध्ये कोणी तोतया बसलेला नाही, एवढं ते सांगतं. दर तीन महिन्यांनी नवं करायचं. ते आपोआप होतं, असं सोबतचे सांगून थकले. पण मी पडले तुमची लेक, शिक्का स्वतःच्या हातानं मारायचा हट्ट. मागच्या महिन्यात तारीख विसरले, आणि शिक्क्याची मुदत संपली.

चांदूर बाजारच्या एका शिक्षिकेचा फोन आला. "ताई, तुमची साइट उघडली तं धोका हाये म्हणून लाल पाटी येऊन राहिली. काय करू?" मी म्हटलं, "काही होत नाही, 'पुढे जा' दाबा." प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी नवं केलं. आठवड्यानं पुन्हा त्यांचाच फोन. बँकेच्या नावाचं एक खोटं पान उघडलं, तशीच पाटी आली, त्यांनी 'पुढे जा' दाबलं. "तुमीच तं सांगतलं होतं." पासवर्ड टाकणार तेवढ्यात लाइट गेली, कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून वाचल्या. त्या हसत होत्या. मला लाज वाटली, आणि मी "बरं झालं" म्हणून फोन ठेवला.

आज नूतनीकरण आपोआप होईल असं करून टाकलं. चुकलंच तर आम्हा सगळ्यांना निरोप जाईल. साइटवर माझी चूक लिहिली आणि खाली सूचना दिली: लाल पाटी दिसली तर परत फिरा, आमच्या साइटवर दिसली तरी, मी स्वतः सांगितलं तरी. साइट बंद राहिली तर राहो, 'पुढे जा' मी पुन्हा कोणाला सांगणार नाही. मामाची बाजू सोडली, बाबा.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता आलं. माझं सांगणंच चुकीचं होतं, हे त्या बाईंना अजून सांगितलेलं नाही. चारदा नंबर काढला आणि फोन खाली ठेवला. तुमच्यापाशी कबूल करणं सोपं, तुम्ही आता रागवत नाही. कागदाची घडी घालते आणि नंबर लावते.